तोंडी नकाराला अपील नसतं: ठाण्यातली दिव्यांग अनुदान सेवा, खिडकी खिडकीनुसार

दिव्यांगांच्या सरकारी अनुदानाला आपण एक सेवा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्या चार आहेत. केंद्र सरकारचं स्वावलंबन पोर्टल, सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ, उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले देणारं सेतू केंद्र, आणि सगळ्यात शेवटी तहसीलची संजय गांधी शाखा, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज पाहणारी. या चार खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये निरोप्याचं काम करतो तो अर्जदार, म्हणजे ज्याला जिना चढणं, रांगेत उभं राहणं किंवा पाटी वाचणं जड जातं तोच माणूस.

एकूण गुण द्यायचे तर पाचपैकी अडीच. अर्जाला पैसे पडत नाहीत, कायदा भक्कम आहे, मंजुरी झाली की रक्कम थेट खात्यात येते, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कापलेले अडीच गुण बहुतेक एकाच दुखण्याचे: खिडकीवरचा नकार तोंडी असतो. ‘तुमचं बसत नाही’, ‘नंतर या’, ‘हे चालणार नाही’. यातल्या एकाही वाक्यावर तारीख नसते, सही नसते, आणि जो नकार कागदावर नाही त्याच्याविरुद्ध अपील करता येत नाही. खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं तरी त्या एका कागदाबद्दल आहे.

आधी मिळतं काय ते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला दरमहा 1,500 रुपये मिळत होते. सप्टेंबर 2025 मधल्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर दिव्यांगांसाठी ही रक्कम 2,500 झाली. किमान 40 टक्के दिव्यांगत्व, वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत, या मुख्य अटी. पासष्टीनंतर हे अनुदान वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेकडे वर्ग होतं. 80 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही लागू होते. तिच्यातले केंद्राचे दरमहा 300 रुपये असतात, उरलेली रक्कम राज्य भरतं.

पन्नास हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. ठाण्यात हाऊसकीपिंगचा पगारही याच्या वर जातो, त्यामुळे घरात एक जरी कमावता असला तरी ही अट पाळणं किती अवघड आहे ते शाखेतल्या कारकुनालाही ठाऊक असतं. तरीही ही मर्यादा नीट लक्षात ठेवायला हवी, कारण योजनेतल्या इतर गटांसाठी (विधवा, दुर्धर आजारी वगैरे) ती 21,000 आहे आणि दिव्यांगाच्या अर्जाला चुकून तीच लावली जाण्याची शक्यता असते. ‘तुमचं उत्पन्न एकवीस हजारांच्या वर आहे’ असं ऐकू आलं तर तिथेच शांतपणे विचारा, की हा अर्ज कुठल्या गटात नोंदवला आहे?

गटाचा घोळ उलट दिशेनेही होतो. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेला माणूस किंवा कर्करोगाचा रुग्ण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी महिनोन् महिने फेऱ्या मारतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत (1995 च्या कायद्यात सातच होते). थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, अॅसिड हल्ल्याचे बळी हे सगळे त्यात आले, पण किडनी आणि कर्करोग आले नाहीत. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा आजारांमुळे चरितार्थ चालवता येत नसेल तर संजय गांधी योजनेत त्यांचा वेगळा गट आहे, त्याला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. चुकीच्या दारात रांग लावण्यापेक्षा हे पहिल्या दिवशीच ठरवावं.

दुसरा पहिल्या दिवसाचा प्रश्न जिल्ह्याचा. नवी मुंबई हे शहर एक असलं तरी महसुलाच्या नकाशात ते दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात. त्यापुढचं खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, ज्याचं जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. बेलापूर आणि खारघर रेल्वेने एका स्टेशनाच्या अंतरावर आहेत, पण आधारवर खारघरचा पत्ता असलेला माणूस ठाण्याच्या तहसीलला गेला तर त्याचा अर्ज कोणी घेणार नाही. डोंबिवलीकरांचंही तसंच, ते कल्याण तालुक्यात येतात. भाड्याच्या घरातून घर बदललं असेल तर आधी आधारवरचा पत्ता बदला, मग पोर्टल उघडा. अर्ज मध्यावर असताना पत्ता बदलणं म्हणजे चालत्या लोकलमधून उतरणं.

आता पोर्टल. स्वावलंबन कार्ड किंवा यूडीआयडी या नावाने ते ओळखलं जातं. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्हींचा अर्ज एकाच ठिकाणी होतो, पैसे पडत नाहीत, आणि घरून मोबाइलवरही भरता येतो. या खिडकीला साडेतीन गुण. अर्जात जी चूक होते ती जवळजवळ नेहमी पुढच्या चार ठिकाणी असते.

मोबाइल क्रमांक सायबरवाल्याचा टाकला जातो. पुढचे सगळे ओटीपी आणि तारखेचे संदेश त्याच्याकडे जातात, अर्जदार घरी वाट पाहत बसतो. क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचाच द्या.

नाव आधारप्रमाणे नसतं. शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’, आधारवर इंग्रजीत वेगळंच स्पेलिंग, बँकेत फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर बदललेलं आडनाव हा तर कायमचा पाहुणा. रुग्णालयात हे चालून जातं, अडतं ते सहा महिन्यांनी तहसीलला. म्हणून आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड यांवरची नावं अर्जाआधीच एकसारखी करून घ्यावीत.

जुनं प्रमाणपत्र असल्याचं सांगितलं जात नाही. महाराष्ट्रात यूडीआयडीच्या आधी एसएडीएम या प्रणालीतून प्रमाणपत्रं निघत होती, त्याआधी हाताने लिहिलेली. ती जवळ असतील तर पोर्टलवर तसं नमूद करून अपलोड करायची असतात. नवीन अर्जदार म्हणून भरलं तर सगळी तपासणी पहिल्यापासून होते.

आणि चौथी, सगळ्यात महाग पडणारी चूक: दिव्यांगत्वाचा एकच प्रकार निवडला जातो. याचा हिशेब पुढे येईल.

रुग्णालय निवडताना आधारच्या पत्त्याच्या जिल्ह्यातलं केंद्र निवडता येतं. त्याशिवाय, त्या दिव्यांगत्वासाठी ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथेही अर्ज करण्याची मुभा 2017 च्या केंद्रीय नियमांत आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या ठाणेकराला याचा उपयोग होतो, कारण सगळे केसपेपर तिथेच असतात. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचा, म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालयाचा विचार करत असाल तर एक सूचना: 900 खाटांच्या नव्या इमारतीसाठी जुनी इमारत पाडल्यावर तिथले विभाग मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले. टेंभी नाक्याच्या आसपासचा जुना पत्ता सांगणारे रिक्षावाले अजून भेटतात. निघण्यापूर्वी फोन करून विभाग कुठे बसतो आणि आपल्या प्रकाराची तपासणी कोणत्या वारी होते, हे दोन्ही विचारा. अस्थिव्यंग, नेत्र, कान-नाक-घसा, मानसोपचार यांचे वार केंद्रागणिक वेगळे असतात, आणि चुकीच्या वारी गेलेल्याला तारीख पुढची मिळते.

वैद्यकीय मंडळाला तीन गुण. डॉक्टर बहुतेक ठिकाणी नियमाप्रमाणे मोजतात, पण अर्जदाराला मोजमापाची पद्धत कोणी सांगत नाही, आणि तिथेच टक्के हातचे जातात.

डोळ्यांचं घ्या. दृष्टी मोजतात ती चष्म्यासह, जास्त चांगल्या डोळ्याची. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा 6/6 असेल तर मिळतात 30 टक्के. ‘एक डोळा नाही म्हणजे अर्धं अंधत्व’ हा समज इथे कोसळतो. याउलट रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आजारात समोरचं अक्षर नीट वाचता येतं, पण बाजूचं काहीच दिसत नाही. कायद्याप्रमाणे दृष्टिक्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असेल तर अक्षरं कितीही वाचता आली तरी ते अंधत्व धरलं जातं, आणि 40 अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी. पण हे कळायला पेरिमेट्री म्हणजे क्षेत्राची चाचणी करावी लागते. नुसत्या तक्त्यावर तपासून परत पाठवलं असेल तर अपिलाला तिथेच मुद्दा मिळाला. पेरिमेट्रीचा ताजा अहवाल सोबत नेला तर अपिलापर्यंत जायची वेळच येत नाही.

कानाचं मोजमाप श्रवणयंत्र न लावता होतं. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबल नुकसान म्हणजे ऐकू कमी येणारे, 70 डेसिबलच्या पुढे कर्णबधिर. एकच कान गेला असेल तर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. लहान मुलं बटण दाबून उत्तर देऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी बेरा चाचणी लागते, तिच्यात मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत या चाचण्या होतात, आणि तिथल्या अहवालावर सहसा कोणी शंका घेत नाही.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची मापनश्रेणी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, काम करणं या चार बाबींना शून्य ते चार गुण, आणि त्यात आजार किती वर्षं आहे त्याचे गुण मिळवायचे. एकूण सात झाले की 40 टक्क्यांची पायरी येते. यात घोटाळा घरच्यांच्या उत्तरांनी होतो. डॉक्टर विचारतात, ‘आंघोळ स्वतः करतो का?’ आई लाजेखातर म्हणते, ‘हो, करतो की.’ तीन वेळा सांगून, पाणी काढून देऊन, दाराबाहेर उभं राहून तो करतो, हे ती सांगत नाही. मंडळासमोर वाईट दिवसाचं वर्णन करायचं असतं. नेण्यापूर्वी आठवडाभर साध्या वहीत नोंद ठेवा, काय स्वतःहून केलं आणि काय करवून घ्यावं लागलं, आणि ती वहीच समोर ठेवा.

बौद्धिक दिव्यांगत्वाला बुद्ध्यंक चाचणी आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी, स्वमग्नतेला ‘इसा’ ही मापनश्रेणी. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणच्या लोकांना या कागदांची भाषा येते, आणि चाचणीसाठी कुठे जायचं हे विचारायलाही ती जागा चांगली.

आता तो हिशेब. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्के सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा ‘अ’, लहान ‘ब’ धरा. आधी 90 मधून ‘अ’ वजा करा, त्याला ‘ब’ने गुणा, 90 ने भागा, आणि आलेला आकडा ‘अ’मध्ये मिळवा. पायाचं 50 आणि डोळ्याचं 30 असेल तर बेरीज 80 होत नाही: 30 गुणिले 40 भागिले 90, म्हणजे 13.33, एकूण साधारण 63. 80 टक्क्यांच्या योजनेची आशा धरून बसलेले इथे निराश होतात. पण हेच सूत्र उलट बाजूने उपयोगी पडतं. एका डोळ्याचे 30 आणि गुडघ्याचे 30, दोन्ही वेगवेगळे चाळिशीच्या खाली. एकत्र मांडले की 30 गुणिले 60 भागिले 90 म्हणजे 20, आणि एकूण 50. माणूस पात्र ठरतो. अर्जात फक्त डोळा टाकला असेल तर मंडळ गुडघा तपासत नाही, कारण अर्ज गुडघ्याचा नसतोच. 30 टक्क्यांचं प्रमाणपत्र घेऊन घरी बसलेल्यांपैकी कितीजणांचा दुसरा प्रकार अर्जातच आला नसेल, देव जाणे.

प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. त्याच दुरुस्तीने कार्डाला रंग आले: 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि पुढे निळं. पांढरं कार्ड टपालाने घरी आलं की घरात पेढे वाटले जातात, आणि मग तहसीलमध्ये कळतं की त्यावर अनुदान नाही. कार्ड खरं असतं, पण अनुदानासाठी पुरत नाही. प्रमाणपत्रावर ‘तात्पुरतं’ लिहिलं असेल तर त्याची अंतिम तारीखही बघा. ती उलटली आणि फेरतपासणी झाली नाही तर चालू असलेलं अनुदान बंद पडतं.

मंडळाचा निर्णय पटला नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 59 आहे, राज्याने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. आणि प्रमाणपत्र नाकारताना कारण लेखी कळवणं नियमाने बंधनकारक आहे, त्याचा ठरलेला नमुनाही आहे. म्हणून अपिलाची पहिली पायरी म्हणजे ते नकारपत्र आणि तपासणीच्या मोजमापाचा तक्ता मागणं. एका कागदावर अर्ज क्रमांक, तपासणीची तारीख आणि ‘दिव्यांगत्व मूल्यमापनाच्या नोंदींची व निर्णयाची प्रत, तसेच कलम 59 खालील अपिलीय प्राधिकाऱ्याचं पदनाम मिळावं’ एवढं लिहा. दोन प्रती काढा, आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज हा सरकारी कामात न दिलेलाच अर्ज. शिक्का मारायला नकार दिला तर वाद घालू नका, टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

अपिलाचा मजकूर एका पानाचा पुरे. गरिबीचं, हालांचं वर्णन त्यात नको, ते अनुदान मंजूर करणाऱ्या संजय गांधी समितीच्या अर्जात शोभतं. वैद्यकीय अपिलात एकच प्रश्न असतो: मोजमाप चुकलं कुठे? कुठली चाचणी झाली नाही, कुठला अवयव किंवा प्रकार मोजला नाही, एकत्रित सूत्र लावलं की नाही, कुठला अहवाल पाहिला गेला नाही. प्रत्येक मुद्द्यासमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. ‘फेरतपासणी व्हावी’ ही विनंती शेवटी. अपील जितकं लवकर तितकं बरं. महिन्याच्या आत दाखल केलं की मुदतीचा वाद कोणाला काढता येत नाही.

अपील करू नये अशीही वेळ असते. पक्षाघात होऊन तीनच महिने झाले, फिजिओथेरपी चालू आहे, आणि मंडळाने ‘स्थिती स्थिरावल्यावर या’ म्हटलं, तर ते बरोबर आहे. तिथे भांडण्यात वेळ जातो. फक्त ते वाक्यही कागदावर घ्या.

सेतू केंद्राला तीन गुण, कारण इथे निदान मुदत आणि अपील दोन्ही भिंतीवर लिहिलेले असतात. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली येतो, मुदत 15 दिवस. मुदत टळली किंवा दाखला नाकारला तर 30 दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय, आणि त्यानंतर 60 दिवसांत राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. प्रथम अपील नुसतं दाखल झाल्यावरच दाखला ‘सापडतो’, असं घडतं. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. 500 चा बाँड आणा म्हटलं तर आधी ते कशासाठी ते विचारा.

15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांना अडकवतो. वीजबिल घरमालकाच्या नावाचं, भाडेकरार अकरा महिन्यांचा. अशा वेळी मुलांच्या शाळेचे दाखले, जुनं रेशनकार्ड, जुन्या वर्षांच्या मतदार यादीतला उतारा आणि रुग्णालयाचे जुने केसपेपर कामाला येतात. मधल्या वर्षांत खिंडार राहू नये, एवढं बघायचं.

तहसीलच्या टप्प्याला दोनच गुण. अर्ज आला की तलाठी (हल्ली पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असतं) चौकशी करतो, शाखा छाननी करते, आणि प्रकरणं समितीच्या बैठकीत ठेवली जातात. बैठक लांबली की सगळं लांबतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर तिसरीच गोष्ट. या काळात प्रकरण ‘प्रलंबित’ आहे की ‘त्रुटीत’ आहे हे विचारत राहणं महत्त्वाचं, कारण दोन्हींत फरक आहे. प्रलंबित म्हणजे बैठकीची वाट. त्रुटीत म्हणजे कागद कमी आहे आणि तुम्ही तो देईपर्यंत फाइल हलणार नाही, मग वर्ष जावो. चौकशीला घरी कोणी आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडू शकतो, आणि तो शेरा पुसायला अर्जापेक्षा जास्त वेळ लागतो. शेजाऱ्याला सांगून ठेवा, दारावर मोबाइल क्रमांक चिकटवा.

नामंजूर झालं तर दोन रस्ते. कागदाची त्रुटी असेल, म्हणजे जुना उत्पन्नाचा दाखला, नावातला फरक, मुदत संपलेलं प्रमाणपत्र, तर अपिलाच्या फंदात पडू नका. कागद दुरुस्त करून नवा अर्ज करा, ते लवकर होतं. पण नियम चुकीचा लावला असेल, म्हणजे 50,000 च्या जागी 21,000 ची मर्यादा, 45 टक्के असताना ‘80 हवेत’ हा आग्रह, किंवा वास्तव्याचा पुरावा न वाचताच नकार, तर नवा अर्जही तिथेच फुटेल. तिथे वरच्या अधिकाऱ्याकडेच जावं लागतं.

त्यासाठी हवा तो नामंजुरीचा लेखी आदेश. तो मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात मागायचं नेमकं: समितीच्या त्या बैठकीच्या इतिवृत्तातला आपल्या प्रकरणाचा भाग, छाननीचा शेरा, चौकशी अहवाल, आणि या निर्णयाविरुद्ध अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं याची माहिती. ‘माझा अर्ज का नाकारला?’ असं विचारलं तर ‘माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच फाइल पाहायला मिळण्याची सोय 2018 च्या शासन निर्णयाने झालेली आहे. फाइल हातात आली की शेरा दोन मिनिटांत सापडतो, मोबाइलने फोटो काढा.

ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी तालुका लोकशाही दिनाला गेल्याचा पुरावा असला तर बरं. तेवढ्याने प्रश्न सुटेलच असं नाही, पण तिथे दिलेल्या अर्जाला टोकन आणि लेखी उत्तर मिळतं, आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

त्याच्याही वर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्त कार्यालय. दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्य आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, कार्यालयांना नोटीस काढता येते. तक्रार टपालाने पाठवता येते, पुण्याला जायची गरज पहिल्या दिवशी नसते. आणि वकील परवडत नाही म्हणून थांबलेल्यांनी हे नक्की वाचावं: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात बसतं. साध्या कागदावर अर्ज आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरते.

बाहेरच्या एजंटांबद्दल एकच. टक्के ‘वाढवून’ देणारा भेटला तर उलटं वळा. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेतले तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते अर्जदारावर शेकतं.

मंजुरीनंतरही पैसे न येण्याचं एक कारण आहे, आणि त्याचा तहसीलशी संबंध नसतो. अनुदान आता आधारवरून जातं. आधार बँकेत ‘दिलेलं’ असणं आणि खातं आधारशी ‘सीड’ झालेलं, म्हणजे आधारवरून पैसे येण्यासाठी जोडलेलं, असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पैसे जातात शेवटच्या सीड झालेल्या खात्यात. मधल्या काळात सिमकार्डासोबत किंवा दुकानात अंगठा लावून एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असेल तर रक्कम तिकडे जमा होत राहते आणि अर्जदार जुनं पासबुक भरून भरून थकतो. मोबाइलवरून *99*99*1# लावून आधार क्रमांक टाकला की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. पोर्टलवर ‘यशस्वी’ आणि पासबुकात शून्य दिसत असेल तर हे आधी करा.

घरातल्या बाईला लाडकी बहीणचे पैसे चालू असतील तर लक्षात असू द्या, दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त मिळणाऱ्या बाईला ते मिळत नाहीत. दिव्यांग अनुदान मोठं आहे, तेव्हा निवड अवघड नाही. पण दोन्ही चालू ठेवले तर पुढे वसुलीचं पत्र येण्याची धास्ती.

आणि दर वर्षी हयातीचा दाखला. मार्च उजाडेपर्यंत थांबू नका, जानेवारीतच देऊन पोच घ्या. अंथरुणाला खिळलेल्या लाभार्थ्यासाठी घरी येऊन पडताळणी करावी, असा अर्ज डिसेंबरातच द्यावा, त्याच्याही दोन प्रती.